अखाद्य असल्याचा दाखला

तात्याबा मास्तरांनी जन्मात एकाच पत्राला उत्तर दिलं नाही, आणि ते पत्र त्यांच्या स्वतःच्या मुलाचं होतं.

दुसऱ्या कुणाचं उत्तर राहून जाणं शक्यच नव्हतं. लढाई सुरू झाल्यापासून रहिमतपुरातल्या त्यांच्या आळीतली अकरा पोरं पलटणीत गेली होती, आणि त्या अकरा घरांची पत्रं मास्तरच लिहीत, मास्तरच वाचून दाखवीत. शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला एवढा तरी मान हवाच. त्यांचा नियम एकच होता. सांगणाऱ्याचा शब्द बदलायचा नाही. म्हैस मरून पंधरा दिवस झालेले असताना एखादी म्हातारी "म्हस झ्याक हाय, दोन्ही येळंला दूध देती" असं सांगू लागली, तरी मास्तर मान खाली घालून तसंच उतरवून घेत. अक्षर मास्तरांचं, खोटं तिचं. त्या दोहोंत मास्तर कधी गल्लत होऊ देत नसत.

स्वतःच्या पत्राची पंचाईत हीच होती. तिथं अक्षरही त्यांचं आणि खोटंही त्यांचंच झालं असतं.

जोतीरामचं पत्र फाल्गुनात आलं. तो कुठल्या मुलखात आहे हे लिहायला बंदी होती, म्हणून पत्रात मजकूर थोडका. तीर्थरूप आबांच्या चरणी नमस्कार, इकडे क्षेम, आणि मग एक ओळ: "मनू काय खाते ते लिहावे. खरे लिहावे."

त्या 'खरे'ने मास्तरांच्या काळजात काटा रुतून बसला. ज्या पोराला आपण हात धरून श्री गिरवायला शिकवलं, त्यानं आपल्याला खरं लिहायला सांगावं? ते रागानं पत्राची घडी घालायचे, आणि उलगडून पुन्हा वाचायचे. कारण पोराचं चुकलं असतं तर राग टिकला असता. मनू काही खात नव्हती, हे खरं होतं. आणि ते लिहायची मास्तरांना छाती होत नव्हती, हेही खरंच होतं.

मनू म्हणजे जोतीरामची एकुलती एक लेक, सव्वातीन वर्षांची. माघात जोतीराम अठ्ठावीस दिवसांच्या रजेवर आला तेव्हा बापलेकीची ओळख नव्यानं झाली. येताना त्यानं पलटणीतला एक चौकोनी पत्र्याचा डबा आणला होता, वर सरकारी बाणाची खूण आणि आत बिस्किटं. बिस्किटं कसली, फरशीचे तुकडे. रोज सकाळी बापलेक ओट्यावर चहा घेऊन बसायचे आणि ती खायचे. आत मास्तर वाचत असायचे. बाहेरची ठकठक, पोरीचं खिदळणं, पुन्हा ठकठक, यानं त्यांची ओळ सुटायची. पण मास्तर आपल्या सैनिक मुलाला जरा बुजूनच असत, त्यामुळं 'आवाज करू नकोस' असं म्हणण्याऐवजी ते दोनदा खाकरत. जोतीरामला वाटे, आबांना पडसं झालं आहे.

रजा संपली त्या दिवशी स्टेशनावर त्यानं शेवटची दोन बिस्किटं मनूला चारली आणि तो गाडीत बसला. दुसऱ्या दिवसापासून पोरीनं जेवण सोडलं.

तसं अगदीच सोडलं म्हणता येत नव्हतं. मास्तर शास्त्रशुद्ध वृत्तीचे असल्यामुळं त्यांनी एका वहीत टिपण ठेवलं. भुईमुगाच्या शेंगा, केळे, उकडलेले अंडे: चालते. भाकरी, भात, लापशी, शिरा, आमटी: चालत नाही. या नोंदींवर चार दिवस विचार करून त्यांनी असा निष्कर्ष काढला की पोरीला लांबट आकाराचे पदार्थ आवडतात. मग त्यांच्या सांगण्यावरून सुनेनं, म्हणजे शालूनं, भाकरीच्या वळकट्या केल्या आणि शिऱ्याची अंडी वळली. मनूनं ती रांगेनं मांडून त्यांची आगगाडी केली.

सगळ्यात जिव्हारी लागायची ती तिची एक खोड. घरात जेवायला पुरुष आधी बसत, म्हणजे मास्तर एकटेच, आणि त्यांच्या शेजारच्या पाटावर मनू. मास्तरांना जेवताना पुस्तक वाचायची सवय. मनू आपल्या ताटातला भाकरीचा तुकडा उचलायची, तो आजोबांच्या उघड्या पुस्तकावर बरोबर मधोमध ठेवायची, आणि त्यांच्या तोंडाकडं बघत बसायची. मास्तर तो तुकडा तिच्या ताटात परत ठेवीत. ती पुन्हा पुस्तकावर ठेवायची. तिसऱ्या वेळेला मास्तर पुस्तक मिटून घेत आणि मग ती ताट सारायची. नको असलेला घास आजोबांच्या पुस्तकात सारायचा, हा अपमान अन्नाचा, पुस्तकाचा की आपला, याचा मास्तरांना निर्णय करता येत नसे. वाचनालयाचे चिटणीस एकदा परत आलेलं पुस्तक उजेडात धरून म्हणाले, "मास्तर, हे वाचलंत का ह्यात जेवलात?" चाळीस वर्षांच्या सभासदाला हे ऐकावं लागलं.

आळीला बातमी कळायला वेळ लागला नाही, आणि आळीत प्रत्येकाला मूल कसं जेववावं हे ठाऊक होतं. शेजारच्या रंगूबाईनं मीठमोहऱ्या ओवाळून चुलीत टाकल्या, आणि त्या तडतडल्या नाहीत म्हणून दृष्ट फार जबर असल्याचं जाहीर केलं; पुढल्या खेपेला त्या तडतडल्या, तेव्हाही तिनं तेच जाहीर केलं. शिवाय पोरीचं नाव मनुबाई ठेवलं तेच चुकलं, कारण रंगूबाईच्या मेलेल्या सासूचं नाव मनुबाई होतं आणि तिला सुनेच्या हातचं काहीही गोड लागत नसे. समोरचे नानासो मागल्या लढाईतले पेन्शनर हवालदार. त्यांनी फौजी इलाज सांगितला. तीन दिवस पोरीला काही म्हणजे काही द्यायचं नाही. चौथ्या दिवशी ती दगड खाईल. अंमलबजावणी स्वतः हवालदारांनी अंगावर घेतली आणि ते मिशीला पीळ देत दारात पहाऱ्याला बसले. पहिल्या दिवशी दुपारी बारा वाजता पोरीनं त्यांच्याकडं नुसतं बघितलं, आणि हवालदारांनी आपल्याच खिशातल्या शेंगा काढून तिच्यापुढं ओतल्या.

मास्तरांनी वाचनालयातून बालसंगोपनावरचं एक जाड पुस्तक आणलं. त्यात लिहिलं होतं की मातेने घास भरवताना मधुर गीत गावे. आता शालू सासऱ्यासमोर मोठ्यानं बोलायचीसुद्धा नाही, काही सांगायचं झालं तर मनूला सांगायची, "मनू, मामंजींना म्हनावं, चहा निवतुय." ती गाणार कुठून? म्हणून तिला गाता यावं यासाठी मास्तर आठवडाभर दोन्ही वेळा जेवणाच्या ऐन वक्ताला घराबाहेर उन्हात उभे राहिले. लोक विचारीत, आत काय चाललंय? गीताचा परिणाम एवढाच झाला की पोर पेंगुळली आणि न जेवता झोपली.

पोरीचे गाल बसले. झग्याचे खांदे उतरू लागले. अन् जोतीरामचं पत्र कोनाड्यात तसंच होतं.

अशात चैत्राच्या अखेरीस रंगूबाई कृष्णाताला पत्र घालायला आली. कृष्णात तिचा मुलगा, जोतीरामच्याच कंपनीत. तिनं ओट्यावर फतकल मारली. मास्तरांनी टाक उचलला. पाऊसपाणी, बैल, धाकटीचं लग्न, असं सगळं लिहून झालं, आणि मग ती म्हणाली, "आनि लिवा, आपल्या मास्तरांची नात काय खात न्हाई."

मास्तरांचा टाक थांबला.

"लिवा की. पोरगी वाळून लाकूड झाली हाय. मास्तरास्नी काय बी सुदरंना. पुस्तकं वाचून पोर जगती व्हय, असं समदी आळी म्हनती."

"रंगूबाई, हे लिहिण्याची काही आवश्यकता आहे का?"

"आवं मास्तर, तुमीच म्हनता न्हवं, सांगनाऱ्याचा शबुद बदलायचा न्हाई म्हनून? का त्यो नेम आमच्या म्हशीपुरता?"

मास्तरांनी लिहिलं. सुवाच्य, टपोऱ्या, वळणदार अक्षरात त्यांनी लिहिलं की मास्तरांना काही सुधरत नाही. 'लाकूड'मधला दीर्घ ऊकारही त्यांनी चुकवला नाही. आपल्याच नाचक्कीचं शुद्धलेखन तपासायची वेळ जगात फार थोड्या शिक्षकांवर आली असेल. पत्र बंद करताना त्यांना क्षणभर वाटलं की ते पोस्टात न जाता वाटेत कुठंतरी पडावं. पण नेऊन टाकायचं कामही त्यांच्याकडंच होतं, आणि त्यांनी ते नेऊन टाकलं.

महिन्यानं उत्तर आलं. तेही मास्तरांनाच वाचून दाखवावं लागलं. रंगूबाई पदर सावरून ऐकत होती, नानासो काठीवर हनुवटी टेकून. कृष्णातानं आईला लिहिलं होतं की तब्येत बरी आहे, पायाचं दुखणं थांबलं आहे. पुढं लिहिलं होतं: "जोतीरामला तुझे पत्र वाचून दाखवले. तेव्हापासून तो जेवत नाही. ताट पुढे घेतो आणि उठतो. सुभेदार साहेब रागावले तरी ऐकत नाही. म्हणतो, पोरगी खात नाही आणि आबा मला लिहीत नाहीत, म्हणजे त्याहून काही वाईट आहे. असा माणूस इथे टिकत नाही. मास्तरांना सांग."

मास्तरांनी शेवटचा शब्द वाचला आणि चष्मा काढून तो धोतराला पुसू लागले. दाराआडून शालूच्या बांगड्यांचा आवाज आला, आणि थोड्या वेळानं तिचा, भिंतीला सांगितल्यासारखा: "मनू, मामंजींना म्हनावं, कायतरी करा."

कायतरी म्हणजे बिस्किटं, याबद्दल आता आळीत दुमत नव्हतं. पोरीला पलटणीच्या बिस्किटांची चटक लागली आहे. ती मिळाली की ती खाईल. मास्तरांनी कोट चढवला आणि सातारा गाठला. तिथं फौजेतल्या माणसांच्या कुटुंबांसाठी एक कचेरी उघडली होती. कारकुनानं मास्तरांचं म्हणणं ऐकून घेतलं, एक छापील अर्ज पुढं केला आणि विचारलं, "कोणत्या सदरात घालू? विधवा, जखमी, बेपत्ता, का जमिनीचा तंटा?"

मास्तर म्हणाले की सुदैवानं यांपैकी काहीच नाही, त्यांना फक्त बिस्किटं हवी आहेत.

"ती फील्ड रेशनात येतात," कारकून म्हणाला. "फील्डवरच्या शिपायालाच मिळतात. तुमची नात फील्डवर आहे का?"

"ती सव्वातीन वर्षांची आहे."

"म्हणजे नाही," असं म्हणून कारकुनानं तसा शेरा मारला. अर्जदाराची नात आघाडीवर नसल्यामुळे अर्ज फेटाळण्यात येत आहे, असा तो कागद होता. मास्तरांनी त्याखाली पोच म्हणून सही केली. परतीच्या वाटेवर त्यांच्या मनात त्या कारकुनाला ऐकवायची एकाहून एक सरस वाक्यं तयार झाली. पण मास्तरांची सरस वाक्यं जन्मभर परतीच्या वाटेवरच तयार होत आली होती.

मग नानासोंना आठवलं की मागल्या लढाईत सांगलीचा एक भट्टीवाला फौजेला बिस्किटं पुरवायचा. मास्तर सांगलीला निघाले. जाताना त्यांनी जोतीरामचा रिकामा डबा सोबत घेतला. का घेतला, हे त्यांनी शालूला सांगितलं नाही. बिस्किटं त्या डब्यात भरायची आणि "बापानं पाठवली" असं मनूला सांगायचं, असा त्यांचा बेत होता. स्वतःच्या हिशेबी केलेलं हे त्यांचं पहिलं खोटं होतं, आणि मिरजेला गाडी बदलेपर्यंत त्यांना त्याचा दरदरून घाम फुटला होता.

भट्टीवाल्यानं फौजेला कधीच काही पुरवलं नव्हतं. त्याची नानकटाई मात्र सांगलीभर प्रसिद्ध होती आणि ती त्यानं अभिमानानं पुढं केली. मास्तरांनी ती चाखून मान हलवली. एवढी मऊ नको. मग चहात बुडवायचे बटर दाखवले. मास्तर म्हणाले, ह्याहून कडक. गोडी अगदी नावाला. दात लागता कामा नये.

"दात लागता कामा नये?" भट्टीवाल्यानं हातातलं फडकं खाली ठेवलं. "आवं म्हाराज, तीस वरसं भट्टी हाय. माझ्या मालाला वंगाळ म्हननारं गिऱ्हाईक आजवर आलं न्हाई, आनि तुमी मुद्दाम वंगाळ करून मागताय?"

मास्तरांनी हात जोडले. नात, मुलगा, पलटण, सगळं सांगितलं. शेवटी दुकानाच्या नावाचा कुठंही उच्चार करणार नाही या बोलीवर तो तयार झाला. त्यानं एकदा भाजलेली बिस्किटं दुसऱ्यांदा भाजली, मग तोंड फिरवून तिसऱ्यांदा. चोवीस बिस्किटं डब्यात भरताना आवाज कौलं रचल्यासारखा झाला.

स्टेशनावर संस्थानचा धान्याचा नाका होता. सांगलीचं धान्य हद्दीबाहेर खालशात, म्हणजे इंग्रजी मुलखात, न्यायला बंदी. नाक्यावरच्या जमादारानं डबा बघितला, बाणाची खूण बघितली, आणि मास्तरांना बाजूला घेतलं.

"डबा फौजेचा?"

"हो."

"मंजे आतला माल सरकारी, चोरीचा."

"नाही, नाही. माल फौजेचा नाही. इथलाच आहे, भट्टीतला."

"मंजे गव्हाचा. बंदीचा."

मास्तर गोंधळले. चोरीचा म्हणावं तर अब्रू जात होती, बंदीचा म्हणावं तर बिस्किटं जात होती. "पण मग इथला माल फौजेच्या डब्यात कशापायी?" जमादारानं विचारलं, आणि भोवती जमलेली दहाबारा माणसं पुढं सरकली. चाळीस वर्षं पोरांना सत्याचे धडे दिलेल्या माणसानं अखेर मान खाली घालून सांगितलं, "नातीला फसवण्यासाठी."

गर्दी हसली. जमादार हसला नाही. त्याला पंचनामा करायचा होता. दोन पंच धरले गेले. एक पत्र्याचा डबा, आत चौकोनी जिन्नस, नग चोवीस. जिन्नस खाण्याचा आहे किंवा कसे, हे ठरवण्यासाठी जमादारानं एक उचलून दातांखाली धरला. मग दुसऱ्या बाजूच्या दातांखाली. मग त्यानं गालावर हात ठेवला. पहिल्या पंचानं एक घेतला, बघितला आणि परत ठेवला. दुसऱ्या पंचाला पुढचे दात नव्हते, त्यानं प्रयत्नच केला नाही.

"लिव्हा," जमादार कारकुनाला म्हणाला. "सदर जिन्नस अखाद्य आहे. धान्यबंदी लागू नाही."

"असं कसं?" मास्तर उसळून म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा त्यांचं वाक्य वेळेवर तयार झालं. "ती उत्तम बिस्किटं आहेत. तिसऱ्यांदा भाजलेली आहेत. तुम्हाला चावता येत नाहीत हा बिस्किटांचा दोष नाही."

"आजोबा," जमादार गाल धरून म्हणाला, "खाद्य म्हनलं तर इथं ठिवावी लागतील. काय लिव्हू?"

संस्थानच्या शिक्क्यानिशी अखाद्य असल्याचा दाखला घेऊन मास्तर गाडीत बसले. डबा मांडीवर होता आणि अंगाचा तिळपापड झाला होता. जोतीराम जे खाऊन लढतो आहे ते अखाद्य? पोरीच्या जिवासाठी हिंडणाऱ्या म्हाताऱ्यावर माणसांनी हसावं? वाटेतल्या प्रत्येक स्टेशनावर त्यांनी जमादाराला मनातल्या मनात एकेक नवं वाक्य सुनावलं, आणि रहिमतपूर आलं तेव्हा आणखी दोन शिल्लक होती.

घरी पोचले तेव्हा मनू ओट्यावर शेंगांच्या टरफलांशी खेळत होती. डबा दिसताच ती उठली. किती दिवसांनी ती धावली. रंगूबाई आली, नानासो आले, शालू दाराआड उभी राहिली. मास्तर पाटावर बसले आणि त्यांनी झाकण काढलं. 'बापानं पाठवली' हे वाक्य जिभेच्या टोकावर आलं होतं, पण ते काही उतरेना.

"बिस्किटं आहेत," ते नुसतं म्हणाले.

मनूनं एक उचललं. उलटसुलट करून बघितलं. मग ती वळली, मास्तरांच्या मांडीशेजारी ठेवलेलं जेवतानाचं पुस्तक तिनं दोन्ही हातांनी उघडलं, आणि ते बिस्कीट बरोबर मधोमध ठेवून आजोबांच्या तोंडाकडं बघत बसली.

मास्तरांचं काय झालं ते त्यांचं त्यांनाही नंतर सांगता आलं नाही. सातारचा शेरा, सांगलीचा दाखला, गाणं संपेपर्यंत सोसलेलं ऊन, वाचनालयाचे चिटणीस, 'खरे लिहावे', सगळं एकदम उफाळून आलं. जन्मात कुणावर आवाज न चढवलेला तो माणूस ओरडला. "काय वाईट आहे ह्यात? ह्याहून कडक अख्ख्या सांगलीत नाही. ऐक, ऐक आवाज." आणि त्यांनी ते बिस्कीट उचलून पाटाच्या कडेवर आपटलं. ठक. पुन्हा ठक.

मनू ओणवी झाली. पाटाखालची जमीन तिनं निरखून बघितली, बोट फिरवलं. मग तिनं आजोबांच्या हातातून बिस्कीट घेतलं आणि कुरतडू लागली.

बराच वेळ तेवढाच आवाज येत होता.

"काय शोधत होतीस?" मास्तरांनी विचारलं. त्यांचा आवाज फाटला होता.

"किडं," मनू म्हणाली. "ठोकल्याव किडं पडत्यात. मग खायाचं. दादा म्हनलाय."

तिचा दादा, म्हणजे जोतीराम. मास्तरांना ओट्यावरची ती ठकठक आठवली, आणि आपलं खाकरणं. शालू त्या वेळी चुलीपाशी असायची. सासऱ्याच्या देखत नवऱ्याशेजारी ओट्यावर बसायची तिची काय बिशाद. ऐकणारे एकटे मास्तर, आणि त्यांना फक्त आपली सुटलेली ओळ ऐकू येत होती. शेंगा, केळं, अंडं. जे डोळ्यांदेखत सोललं जातं आणि आतलं दिसतं, तेवढंच पोर बिनघोर खात होती.

"आवं, फौजेत समदीच ठोकत्यात," नानासो सहज म्हणाले. "बिस्किटात टोके असत्यात. दोनदा ठोकायचं, टोके गळत्यात, मग खायचं. आमी बी चार वरसं तेच केलं."

मास्तरांनी मान वळवून त्यांच्याकडं बघितलं. "मग नानासो, तीन महिन्यांत हे बोलला का नाहीत?"

"तुमी बिस्कीट कुटं मिळतंय ते इचारलं. कसं खात्यात ते कवा इचारलं?"

यावर मास्तरांपाशी उत्तर होतं. पुष्कळ उत्तरं होती. पण त्यांचं लक्ष पुस्तकाकडं गेलं. त्यांनी मागची पानं चाळली. जवळजवळ प्रत्येक पानावर तेलाचा किंवा आमटीचा एक डाग होता, बरोबर मधोमध. ते सगळे डाग म्हणजे एकच प्रश्न होता: ह्यात किडे नाहीत ना? पोर रोज दोन वेळा, तीनतीनदा, घरातल्या एकुलत्या एक पुरुषमाणसाला अदबीनं विचारत होती, आणि तिच्यासारखंच बोलायला बुजणारा तो माणूस दर वेळी पुस्तक मिटून घेत होता. राग काढायला आता कुणीच उरलं नव्हतं. मास्तरांनी तो स्वतःवर काढला, आणि तोही नेहमीप्रमाणे मनातल्या मनात.

शालूनं आतून भाकरी आणली. मास्तरांनी तुकडा मोडला आणि पाटावर ठोकला. भाकरीचा आवाज कसला येणार? मनूनं शंकेनं बघितलं. मास्तरांनी दुसऱ्या हातानं पाटाखाली टिचकी मारून आवाज काढला. पोरीनं जमीन तपासली आणि घास तोंडात घातला. रंगूबाईनं पदर डोळ्यांना लावला आणि लगेच म्हणाली की भाताला ठोकायचं झालं तर मास्तरांचं काय हुतंय ते बघायला ती उद्या येणार आहे.

ती खरोखरच आली. मास्तरांनी भाताच्या मुदीवर पळीनं दोनदा टकटक केलं, आमटीच्या वाटीवर केलं, दुधाच्या भांड्यावर केलं, आणि चार माणसांसमोर गंभीर चेहऱ्यानं जमिनीवर किडे पडले का ते बघितलं. चाळीस वर्षांच्या नोकरीत त्यांनी टेबलावर छडीसुद्धा कधी इतकी ठोकली नव्हती.

त्या दुपारी त्यांनी कोनाड्यातलं पत्र काढलं आणि उत्तर लिहायला बसले. आठ मसुदे फाडले. नववा असा होता:

"चिरंजीव जोतीराम यास अनेक उत्तम आशीर्वाद. तुझ्या पत्राचे उत्तर द्यायला तीन महिने लागले, कारण तू खरे लिहावे म्हणून लिहिले होतेस. रंगूबाईने लिहिले ते खरे होते. मनू खात नव्हती आणि मला काही सुधरत नव्हते. आता खाते. आज अर्धी भाकरी, भात आणि दूध. ठोकल्याशिवाय खात नाही. मी ठोकतो. तू ओट्यावर ठोकत होतास तेव्हा मी खाकरत होतो, ते पडसे नव्हते. पुन्हा येशील तेव्हा वाटेल तितका आवाज कर. तू जेवत नाहीस असे कळले. जेवावे. सोबत तुझ्या बिस्किटांविषयीचा सांगली संस्थानचा दाखला पाठवीत आहे, तो सुभेदार साहेबांना दाखवावा."

संध्याकाळी मनूचं बोट धरून ते पोस्टाकडं निघाले. पारावर नानासो बसले होते, रंगूबाई घागर घेऊन उभी होती, आणखीही पाचसहा जण होते. मास्तरांनी पाकीट पेटीच्या तोंडाशी नेलं. तेवढ्यात मनूनं त्यांचं धोतर ओढलं.

"आबा. ठोक."

मास्तरांनी इकडंतिकडं बघितलं. सगळे बघत होते. त्यांनी पाकीट पेटीच्या कडेवर दोनदा ठोकलं. मनूनं खाली वाकून धूळ निरखून बघितली आणि मान डोलावली. मग मास्तरांनी पत्र आत सोडलं.

पारावर कुणीतरी दोनदा खाकरलं. मास्तरांनी तिकडं लक्ष दिलं नाही.